व्हिजिटर म्हणून कॅनडात महिनोन्महिने राहिल्यावर स्पाउस पीआरची फाईल कशी टाकायची

एक जण कॅनडात पीआर (म्हणजे कायमचा रहिवासी) किंवा सिटिझन, दुसरा पुण्या-नागपूरहून व्हिजिटर व्हिसावर येतोय, पाच-सहा महिने राहून परत जातोय, कधी एक्स्टेंशन घेऊन वर्षभर राहतोय, असं आपल्याकडच्या बऱ्याच जोडप्यांचं चालू असतं. मग कधीतरी ठरतं की आता बास झालं, पीआर करूनच टाकू. आणि तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, एवढे दिवस टुरिस्ट म्हणून राहिलो त्याचा त्रास होईल का?

नियमात राहिला असाल तर नाही होत. उलट तुम्ही खरोखर एकत्र राहिलेले असता, जे लग्न करून लगेच वेगळे राहिलेल्या जोडप्यांना म्हणता येत नाही. पण एक गोष्ट आहे. प्रत्येक व्हिसाच्या अर्जात, प्रत्येक एक्स्टेंशनमध्ये, एअरपोर्टवर ऑफिसरसमोर तुम्ही काही ना काही सांगितलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) सिस्टीममध्ये जाऊन बसलंय. आता जी फाईल टाकणार ती त्या सगळ्याशी जुळायला हवी. खरं काम ते आहे, बाकी फॉर्म भरणं म्हणजे नुसती चिकाटी.

हे सगळं क्युबेक सोडून बाकी प्रांतांसाठी लिहितेय. क्युबेकमध्ये प्रांताची वेगळी हमी लागते, त्यावर संख्येची मर्यादाही असू शकते, तिथे राहणाऱ्यांनी आधी तिथली परिस्थिती बघा.

१. आज तुमचं स्टेटस काय आहे ते बघा

पासपोर्टवरच्या व्हिसा स्टिकरवर जी शेवटची तारीख असते ती कॅनडात *शिरायची* मुदत, राहायची नाही. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणून दहा वर्षं राहता येत नाही, हे वाचून हसाल पण यात फसलेले लोक आहेत. राहायची मुदत एअरपोर्टवरच्या शिक्क्यावरून ठरते. शिक्क्यावर ऑफिसरने हाताने तारीख लिहिली असेल तर ती खरी, नुसता शिक्का असेल किंवा शिक्काच नसेल (आजकाल किऑस्कमुळे बऱ्याचदा नसतो) तर आल्या दिवसापासून सहा महिने. व्हिजिटर रेकॉर्ड (राहायची मुदत लिहिलेला कागद) हातात दिलं असेल तर त्यावरची तारीख.

आणि हे नीट लक्षात घ्या, पीआरची फाईल टाकली म्हणून व्हिजिटर स्टेटस वाढत नाही. दोन वेगळे अर्ज, दोन वेगळी घड्याळं. स्टेटस संपायच्या आधी, शक्यतो महिनाभर आधी, एक्स्टेंशनचा अर्ज वेगळा करायचा, त्याची फी १०० डॉलर. वेळेत अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत तुम्ही कायदेशीर राहता, त्याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. तारीख उलटून गेली असेल तर ९० दिवसांच्या आत रिस्टोरेशन (गेलेलं स्टेटस परत मिळवणं) मागता येतं. तेही निघून गेलं असेल तरी आतून, म्हणजे इनलँड क्लासमधून स्पाउसला अर्ज करता येतो, तशी सवलत २००५ पासून आहे, पण ती फक्त स्टेटस नसण्यापुरती, आधी कधी डिपोर्ट झालात किंवा खोट्या कागदांवर आलात तर ती लागू होत नाही. अशी केस असेल तर पुढचं वाचत बसू नका, सरळ वकील गाठा.

एक्स्टेंशन मिळालं की जे व्हिजिटर रेकॉर्ड येतं तो व्हिसा नाही हेही माहीत असू द्या. भारतात जाऊन परत यायचं तर व्हिसा वेगळा चालू असला पाहिजे.

२. इनलँड की आउटलँड

इनलँड म्हणजे कॅनडातून आणि आउटलँड म्हणजे बाहेरून असं वाटतं, पण नावांवर जाऊ नका. कॅनडात राहत असलात तरी आउटलँडमधून अर्ज करता येतो. फरक असा की इनलँडमध्ये तुम्ही दोघांनी कॅनडात एकत्र राहणं ही अटच आहे, आणि नकार आला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येत नाही. आउटलँडमध्ये अपील आहे आणि मधे भारतात जाऊन आलात तरी फाईलला धक्का नाही. इनलँडवाला मधे गेला आणि परत येताना एअरपोर्टवर अडकला तर फाईल बोंबलली.

पूर्वी लोक इनलँड घ्यायचे ते वर्क परमिटसाठी. पण मे २०२३ पासून कॅनडात स्पॉन्सरच्याच (म्हणजे हमी देणाऱ्या जोडीदाराच्याच) पत्त्यावर राहणाऱ्या आउटलँडवाल्यांनाही ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायची परवानगी) मागता येतं. त्यामुळे ज्यांचे आईवडील भारतात वयस्कर आहेत, कधीही पळावं लागू शकतं, त्यांनी आउटलँडच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त टाकायच्या आधी दोन्हीकडचे त्या-त्या वेळचे प्रोसेसिंग टाइम आयआरसीसीच्या साइटवर बघा, ते सारखे बदलतात, आणि कधी कधी एवढा फरक असतो की विचार बदलावा लागतो.

३. स्पॉन्सर बसतो का त्यात

स्पॉन्सर १८ च्या वर, पीआर किंवा सिटिझन. पीआर असेल तर अर्ज चालू असताना कॅनडातच राहायला पाहिजे, सिटिझन बाहेरूनही करू शकतो पण परत येऊन राहणार हे दाखवावं लागतं. बायको-नवऱ्यासाठी किमान उत्पन्नाची अट नाही, याबद्दल भारी गैरसमज आहे, लोक पगार वाढायची वाट बघत बसतात. अपंगत्वाचं कारण सोडून सरकारी वेल्फेअर घेत नसावा एवढंच. जोडीदाराचा खर्च उचलायची हमी तीन वर्षांची. स्पॉन्सर स्वतः स्पाउस म्हणून आलेला असेल आणि आधीचं लग्न मोडून आता दुसरं केलेलं असेल तर त्याला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं.

आता आपल्याकडची खास भानगड. कोर्ट मॅरेज आधी, लग्नाचा समारंभ सहा महिन्यांनी, असं महाराष्ट्रात सर्रास होतं. स्पॉन्सर ज्या दिवशी पीआर म्हणून लँड झाला, म्हणजे कॅनडात पोचून पीआर झाला, त्या दिवशी कागदोपत्री लग्न झालेलं होतं पण त्याने फॉर्मवर 'सिंगल' लिहिलं, कारण घरच्यांच्या हिशोबाने लग्न व्हायचंच होतं! इमिग्रेशनच्या नियमात असा न सांगितलेला जोडीदार नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीयांच्या पीआरच्या वर्गातून, आणता येत नाही. त्यावर २०१९ पासून एक सवलतीची पॉलिसी आहे पण ती सगळ्यांना लागू नाही. त्यामुळे सर्टिफिकेटवरची तारीख आणि लँडिंगची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा, आधी हेच बघा.

४. तारखांचा तक्ता

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुने-नवे सगळे पासपोर्ट, बोर्डिंग पास, तिकिटांचे ईमेल घेऊन बसा आणि एका एक्सेल शीटवर लिहा, कुठल्या तारखेला कॅनडात आलो, कुठल्या तारखेला गेलो, त्या काळात कुठल्या पत्त्यावर राहत होतो, काय काम करत होतो. मागची दहा वर्षं, एक महिनासुद्धा रिकामा न ठेवता. बॅकग्राउंडचा फॉर्म, आयएमएम ५६६९, हेच मागतो आणि त्यात गॅप दिसला की फाईल परत येते किंवा पत्र येतं.

लांब राहिलेले व्हिजिटर इथे दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं, पत्ता. 'मी तर टुरिस्ट होते, माझं घर कोथरूडला' असं म्हणून सगळी वर्षं कोथरूडचाच पत्ता टाकायचा, आणि दुसऱ्या फॉर्ममध्ये 'आम्ही ब्रॅम्प्टनला आठ महिने एकत्र राहिलो' लिहायचं. ऑफिसरने दोन्ही वाचलं की झालं. जिथे प्रत्यक्ष राहिलात तो पत्ता त्या महिन्यांसमोर टाका. दुसरं, काम. भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर कॅनडात बसून केलं असेल तर घाबरून लपवू नका, कॅनडाबाहेरच्या कंपनीसाठी रिमोट काम व्हिजिटरला चालतं. नोकरीच्या कॉलममध्ये ते तसंच लिहायचं. काहीच करत नसाल तर 'होममेकर' किंवा 'अनएम्प्लॉइड' लिहा, पण लिहा. इथल्या कुणाच्या दुकानात रोख पैसे घेऊन काम केलं असेल तर तो मात्र वेगळा प्रश्न, आणि त्यावर सल्ला घेऊनच फॉर्म भरा.

तारखा आठवत नसतील तर कॅनडाच्या बॉर्डर एजन्सीकडून आपल्या येण्याजाण्याचा रिपोर्ट मागवता येतो. २०२० पासून विमानाने बाहेर जाणाऱ्यांचीही नोंद त्यांच्याकडे आहे, म्हणजे अंदाजे लिहून खपेल या भ्रमात राहू नका. हा तक्ता जपून ठेवा, पुढे सिटिझनशिपच्या वेळी व्हिजिटर म्हणून राहिलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवस, अर्जाआधीच्या पाच वर्षांतले.

५. जुने अर्ज काढून वाचा

व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात वैवाहिक स्थिती काय लिहिली होती? कॅनडात कोण आहे या प्रश्नाला उत्तर काय दिलं होतं? आपल्याकडे व्हिसा एजंटकडून भरायची पद्धत, आणि काही एजंट बिनधास्त 'मैत्रिणीला भेटायला जातेय' असं लिहितात, का तर नवरा तिकडे आहे म्हटलं तर व्हिसा देणार नाहीत. माझ्या आत्येबहिणीच्या फाईलमध्ये असंच निघालं, एजंटने साखरपुडा झालेला असताना तिकडे कुणी नाही म्हणून टिक केलेली आणि हिला पत्ताच नाही. सही तुमची असते त्यामुळे जबाबदारी पण तुमची. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते.

कॉपी नसेल तर माहिती अधिकारासारखी इथे सोय आहे, ५ डॉलर भरून आपली फाईल आणि ऑफिसरच्या नोट्स मागवता येतात. चूक सापडली तर ती नवीन फाईलमध्ये एका साध्या पत्राने स्वतःहून सांगा. काय लिहिलं गेलं, खरं काय आहे, का झालं, एवढंच, रडगाणं नको. बहिणीने तेच केलं. चूक मोठी असेल तर मात्र पत्र लिहायच्या आधी वकिलाला दाखवा.

६. नावं

आपल्या बायकांच्या नावाचा घोळ कॅनेडियन ऑफिसरला समजावणं हा एक प्रकल्पच आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नाआधीचं. मॅरेज सर्टिफिकेटवर माहेरचं. आधारवर नवऱ्याचं नाव मधे घुसलेलं. बँकेत तिसरंच काहीतरी.

नियम साधा ठेवा, फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षरही इकडेतिकडे नाही. बाकी जी जी नावं कुठल्याही कागदावर आहेत ती 'इतर नावं' मध्ये सगळी. आणि एक अर्ध्या पानाचं पत्र जोडा की महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं असतं आणि लग्नानंतर नवऱ्याचं होतं, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत. पीआरच्या आधी पासपोर्टवर नाव बदलायची घाई मात्र करू नका, मधेच पासपोर्ट बदलला की व्हिसा जुन्यात, फाईल जुन्या नंबरवर, नसता ताप.

७. भारतातून आणायचे कागद

भारतात असाल तेव्हाच हे उरकून घ्या, इथून करायला दुप्पट वेळ जातो.

मॅरेज सर्टिफिकेट महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीतून रजिस्टर केलेलं पाहिजे, कार्यालयाने किंवा भटजींनी दिलेलं नाही चालत. पत्रिका आणि हॉलची पावती हे वेगळे पुरावे, ते त्याच्या जागी नाहीत. सर्टिफिकेट बहुतेक वेळा इंग्रजीतही असतं, पण गावाकडचे दाखले नुसते मराठीत असतात, त्यांचं भाषांतर लागतं. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, भले मामा इंग्रजीचा प्रोफेसर का असेना. भाषांतरकार कॅनडात सर्टिफाइड नसेल तर त्याचं अॅफिडेव्हिट जोडायचं.

पोलीस क्लिअरन्स म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, फी ५०० रुपये, मग अपॉइंटमेंट आणि गरज पडली तर लोकल पोलीस स्टेशनची चौकशी. मागच्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलं प्रत्येकी एक लागतं, दुबई-मस्कतला नोकरी केलेले हे हमखास विसरतात. कॅनडाचं स्वतःचं द्यावं लागत नाही, तुम्ही इथे कितीही राहिलेले असा. भारताचं पीसीसी तुमच्या भारतातल्या शेवटच्या लांब मुक्कामानंतरचं हवं, म्हणजे पीसीसी काढून पुन्हा सात-आठ महिने भारतात राहिलात तर ते जुनं झालं. कॅनडात असताना लागलं तर भारतीय कॉन्सुलेटसाठी अर्ज गोळा करणाऱ्या सेंटरमधून करता येतं.

८. नातं खरं आहे याचे पुरावे

आयएमएम ५५३२ हा फॉर्म म्हणजे तुमच्या लग्नाची अख्खी गोष्ट. कसे भेटलात, कोणी ओळख करून दिली, लग्नाला कोण कोण होतं, दोघांचे आईवडील आले का, नसतील तर का नाही, हनिमून. अरेंज्ड मॅरेज असेल तर बिनधास्त तसं लिहा, त्यांना माहीत असतं. साइटवर प्रोफाइल बघितलं, मावशीने पत्रिका जुळवली, पहिला फोन, मग कांदेपोहे, सुपारी फुटली, साखरपुडा, या क्रमाने तारखांसकट. दोघांनी वेगवेगळं बसून लिहा आणि मग ताडून बघा, तारखा जुळत नाहीत असं हमखास निघतं, आणि ते घरात निघालेलं बरं.

फोटो जास्तीत जास्त २०. लग्नाच्या अल्बममधले वीस नकोत, चार-पाच पुरे, बाकीचे नायगाऱ्यापासून घरच्या गणपतीपर्यंत वेगवेगळ्या वर्षांचे, दोन्हीकडचे नातेवाईक असलेले, मागे कोण, कुठे, कधी लिहिलेले. चॅट वगैरे १० पानांच्या आत. हजार पानांचा व्हॉट्सअॅप एक्सपोर्ट कोणी वाचत नाही.

एकत्र राहिल्याचा पुरावा व्हिजिटरकडे कमी असतो कारण नावावर काहीच नसतं. तर तयार करायला घ्या. घरमालकाकडून लीजवर नाव टाकून घ्या, निदान राहणाऱ्यांच्या यादीत तरी. जॉइंट बँक अकाउंट, व्हिजिटरलाही उघडता येतं. मोबाइलचं बिल त्या पत्त्यावर. स्पॉन्सरच्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये बेनिफिशियरी म्हणून नाव. तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्सही त्याच पत्त्यावर, तो तसाही बंद पडू देऊ नका, इथे इमर्जन्सीचं बिल बघून माणूस पुन्हा आजारी पडतो.

आणि स्पॉन्सरचा टॅक्स! लग्न झाल्यावरही रिटर्नमध्ये 'सिंगल' टाकणारे इंजिनिअर लोक मी बघितलेत, का तर बायको अजून भारतात आहे ना. जोडीदार कुठेही असो, लग्न झालं की पुढच्या महिनाअखेरपर्यंत सीआरएला, म्हणजे कॅनडाच्या टॅक्स खात्याला, कळवायचं असतं. रिटर्न भरल्यावर येणारी नोटीस ऑफ असेसमेंट याच फाईलला जोडायची असते त्यामुळे आधी ते दुरुस्त करून घ्या.

९. पोर्टल आणि पैसे

सगळं ऑनलाइन, पीआर पोर्टलवर. काही फॉर्म तिथेच भरायचे, आयएमएम १३४४ आणि ५५३२ सारखे पीडीएफ भरून, सही करून अपलोड करायचे. चेकलिस्ट आयएमएम ५५३३ शेजारी उघडी ठेवा. एखादा कागद राहिला तर अर्ज अपूर्ण म्हणून अख्खाच्या अख्खा परत येतो, तोही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि त्या भरवशावर बसलेलं वर्क परमिटही लटकतं.

३० एप्रिल २०२४ च्या दरांनी स्पॉन्सरशिप ८५, प्रोसेसिंग ५४५ आणि पीआर राइट फी ५७५, म्हणजे १,२०५ डॉलर, वर बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. हे दर दोन वर्षांनी वाढवतात, भरायच्या दिवशी साइटवरचाच आकडा बघा. राइट फी नंतरही भरता येते पण एकदमच भरून टाका, शेवटी पत्राची वाट बघण्यात वेळ जातो. व्हिजिटर व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे दिले असले तरी पीआरसाठी पुन्हा द्यायचे असतात.

कन्सल्टंट हवा का? सरळ केसला नको. घ्यायचाच तर इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या (त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरवर नाव आहे का ते स्वतः तपासा. 'आपलाच माणूस आहे' हे लायसन्स नव्हे.

१०. फाईल गेल्यावर

काही काळाने अर्ज मिळाल्याचं पत्र येतं, त्याला सगळे एओआर म्हणतात. ते आलं की ओपन वर्क परमिटचा अर्ज, २५५ डॉलर, स्टेटस चालू असतानाच. जानेवारी २०२५ मध्ये स्टुडंट आणि वर्करच्या जोडीदारांच्या परमिटवर जे निर्बंध आले ते पीआरची फाईल टाकलेल्या स्पाउसना नाहीत, त्यावरून उगाच टेन्शन घेऊ नका. परमिट आलं की ९ ने सुरू होणारा सिन नंबर (नोकरी-टॅक्ससाठी लागणारा सरकारी नंबर) मिळतो, पीआर झाल्यावर तो बदलून घ्यायचा.

मग स्पॉन्सर पात्र असल्याचं पत्र, बायोमेट्रिक्स, मेडिकल. मेडिकल त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. ईमेलचा स्पॅम रोज बघा, सगळं तिथूनच येतं आणि मुदत ठरलेली असते. पत्ता बदलला, मूल झालं, पासपोर्ट बदलला, सगळं कळवायचं.

या काळात भारतात जाऊन परत येताना एअरपोर्टवर विचारतील, का आलात. खरं सांगा. पीआरची फाईल चालू आहे, आणि नाही मिळाली तर मुदत संपल्यावर जाईन. कायद्यात कलम २२(२) खाली दोन्ही हेतू एकत्र असायला परवानगी आहे, त्यामुळे 'फिरायला आले' असं सांगायची काहीच गरज नाही. एओआरची प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको.

शेवटी दुसरं पोर्टल येतं, कन्फर्मेशनचं. कॅनडात आहात का विचारतात, मग फोटो आणि पत्ता, मग ईसीओपीआर, म्हणजे पीआर झाल्याचं ऑनलाइन पत्र. हे कॅनडात असतानाच करायचं, भारतात असाल तर तसं कळवा, मग पासपोर्ट मागवून वेगळ्या मार्गाने लँडिंग होतं. ईसीओपीआर आलं की तुम्ही पीआर, पण कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो आणि कार्डाशिवाय भारतातून परतीच्या विमानात बसवत नाहीत, त्यामुळे दिवाळीचं तिकीट कार्ड हातात आल्यावरच काढा.